रेडिएशन आणि जड धातू एकत्र आले की पाणवनस्पतींचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: डकवीडला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या लेम्ना मायनर या इवल्या वनस्पतीला, गॅमा रेडिएशन आणि कॅडमियम एकत्र दिलं तर नुकसान वाढतं की कमी होतं, कारण एका पेपरात सिनर्जी (एकत्र नुकसान अपेक्षेपेक्षा जास्त) लिहिलीय, दुसऱ्यात अँटॅगोनिझम (अपेक्षेपेक्षा कमी) आणि तिसऱ्यात काहीच नाही. शिवाय प्रयोग लावायचा तर कसा, आणि युरेनियमच्या खाणीच्या पाण्यात अशा वनस्पती सोडल्या तर पाणी स्वच्छ होतं का. तिन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत त्यामुळे एकत्रच घेते. आणि रेडिएशन म्हणजे मी आयोनायझिंग धरतेय, गॅमासारखं अणूतले इलेक्ट्रॉन उडवणारं, यूव्ही नाही. यूव्हीचा मामला वेगळा आहे, तो पाण्यातला सेंद्रिय पदार्थ तोडतो, त्याला बांधलेलं तांबं वगैरे मोकळं होतं आणि मग विषारीपणा वाढतो, ती केमिस्ट्रीच निराळी.

आता मुद्द्याचं. कुणी विचारलं की सिनर्जी आहे का, तर मी आधी उलट विचारते, कशाच्या तुलनेत? कारण सिनर्जी हा गॅमा आणि कॅडमियम या जोडीचा अंगभूत गुण नाहीये. तुम्ही काय मोजलं, अपेक्षित परिणाम कुठल्या मॉडेलनं काढला, मीडियममध्ये, म्हणजे झाड वाढवायच्या द्रावणात, किती कॅडमियम खरंच मोकळं होतं आणि दोन्ही एकदम दिले की मागेपुढे, यावर उत्तर फिरतं. पेपर एकमेकांशी भांडतायत असं दिसतं तेव्हा बऱ्याच वेळा भांडण झाडाचं नसतं, हिशोबाचं असतं.

तरी आधी पेशीत काय होतं ते बघू, म्हणजे दोन्ही बाजूंचे निकाल कसे शक्य आहेत ते कळेल. गॅमा किरण पेशीतल्या पाण्याचे तुकडे करतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी दिसेल त्याच्यावर तुटून पडणारी मंडळी तयार होतात आणि डीएनएवर थेट घावही बसतात. कॅडमियम स्वतः असले रॅडिकल बनवत नाही, तांबं किंवा लोखंड बनवतं तसं. त्याचा धंदा आडून चालतो. ते जस्ताच्या जागा बळकावतं, सल्फर असलेल्या रेणूंना चिकटतं, आणि मुख्य म्हणजे ग्लुटाथिओन, हा पेशीचा बचाव करणारा सल्फरवाला छोटा रेणू, संपवतं. झाड कॅडमियमला बांधून ठेवायला फायटोकेलेटिन बनवतं, हे 1985 मध्ये कळलं, आणि ते फायटोकेलेटिन ग्लुटाथिओनपासूनच बनतं. पण रेडिएशननं झालेला ऑक्सिडेटिव्ह ताण निस्तरायलाही तेच ग्लुटाथिओन लागतं. म्हणजे एकाच पगारातून दोन हप्ते, आणि पगार काही वाढत नाही. त्यात कॅडमियम डीएनए दुरुस्तीच्या काही यंत्रणाही अडवतं, 2003 मध्ये यीस्टमध्ये मिसमॅच रिपेअर, म्हणजे डीएनएची नक्कल करताना चुकलेल्या जोड्या सुधारणारी यंत्रणा, बंद पडताना दाखवलंय. हा संदर्भ लोक फार सैल वापरतात, कारण गॅमामुळे होणारी धोक्याची तूट म्हणजे दुहेरी धाग्याची तूट, आणि तिची दुरुस्ती मिसमॅच रिपेअर करत नाही. तरी सिनर्जी होण्यासाठी इतकं कारण पुरेसं आहे हे मान्य.

आता उलटी बाजू. रेडिएशनचा मार सगळ्यात जास्त बसतो तो भराभर विभागणाऱ्या पेशींवर. लेम्नाच्या प्रत्येक फ्रॉन्डला, म्हणजे पानासारख्या तरंगत्या चकतीला, दोन कप्पे असतात, तिथेच नवीन फ्रॉन्ड जन्माला येतात. कॅडमियमनं तिथली विभागणी आधीच मंदावली असेल तर रेडिएशनला तोडायला चालू काम कमी मिळतं. दुसरं असं की रेडिएशनचा हलका डोस आधी मिळाला तर कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज वगैरे ऑक्सिडेटिव्ह ताण निस्तरणारे एन्झाइम आधीच वर गेलेले असतात, मग मागून येणारं कॅडमियम झाडाला तयारीत गाठतं. म्हणजे अँटॅगोनिझमलाही कारण तयारच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, म्हणून फक्त मेकॅनिझम सांगून "म्हणून सिनर्जी" असं कुणी म्हणालं की मी पान उलटते.

आता हिशोब, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळा गोंधळ इथेच आहे. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. समजा कंट्रोलमध्ये, म्हणजे काहीच न दिलेल्या भांड्यात, 10 फ्रॉन्डचे 7 दिवसांत 80 झाले. फक्त कॅडमियममध्ये 40 झाले, फक्त गॅमात पण 40. आता घट किती? वाढीच्या दरानं मोजलं, म्हणजे शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्येच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग भागिले 7, तर कंट्रोलचा दर दिवसाला 0.297 येतो आणि बाकी दोघांचा 0.198, म्हणजे घट 33 टक्के. पण यील्डनं मोजलं, म्हणजे नवीन किती आले, तर कंट्रोलमध्ये 70 नवीन आणि इथे 30, घट 57 टक्के. भांडं तेच, फ्रॉन्ड तेच, आकडे दोन.

पुढे गंमत बघा. दोन्ही एकत्र दिले तर किती राहायला हवेत? इंडिपेंडंट ॲक्शनच्या नियमानं, जो ब्लिसनं 1939 मध्ये मांडला, उरलेल्या अंशांचा गुणाकार करायचा. वाढीच्या दरावर केला तर दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश म्हणजे 44 टक्के दर उरतो, त्यातून शेवटी सुमारे 25 फ्रॉन्ड यायला हवेत. यील्डवर केला तर 43 टक्क्यांचे 43 टक्के, म्हणजे 18 टक्के, साधारण 13 नवीन, एकूण 23. आणि भांड्यात मोजले तर निघाले 24. पहिल्या हिशोबानं अपेक्षेपेक्षा कमी आले म्हणून सिनर्जी, दुसऱ्या हिशोबानं जास्त आले म्हणून अँटॅगोनिझम! खऱ्या डेटात इतका फरक रेप्लिकेटच्या, म्हणजे एकसारख्या लावलेल्या भांड्यांमधल्या, गोंगाटातच बुडून जाईल हे खरं, पण लोक असल्याच फरकावर पेपराचं नाव ठरवतात. मी नेहमी वाढीच्या दरावर काम करते, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची लेम्नाच्या चाचणीची 221 नंबरची गाइडलाइनही, 2006 ची, त्याच बाजूनं झुकते, कारण यील्ड किती दिवस प्रयोग चालला त्यावर आणि कंट्रोल किती जोमात वाढला त्यावर हलत राहतं.

आणि मॉडेलचा प्रश्न वेगळाच. अपेक्षित परिणाम काढायचे दोन जुने रस्ते आहेत, एक वरचा ब्लिसचा आणि दुसरा कॉन्सन्ट्रेशन ॲडिशन, ज्यात दोन्ही गोष्टी जणू एकाच विषाच्या मात्रा समजून मात्रांचीच बेरीज करतात, त्याची मुळं लोव्हच्या 1926 च्या कामात. रेडिएशन आणि धातूचा मार वेगळ्या रस्त्यानं होतो म्हणून बहुतेक जण डोळे झाकून इंडिपेंडंट ॲक्शन घेतात. घ्या, पण तिची एक खोड माहीत असू द्या. समजा कॅडमियमच्या एका मात्रेनं वाढ 50 टक्के घटते, आणि वक्र इतका उभा आहे की निम्म्या मात्रेनं फक्त 10 टक्के घटते. आता निम्मी मात्रा आणि निम्मी मात्रा एकत्र करा, नियम सांगतो 0.9 गुणिले 0.9, म्हणजे घट 19 टक्के. प्रत्यक्षात ती पूर्ण मात्राच झाली की, घट 50 टक्के. म्हणजे कॅडमियमची कॅडमियमशीच सिनर्जी निघाली! उभ्या वक्राच्या बाबतीत हा नियम सिनर्जी फुकट वाटतो. म्हणून मी दोन्ही मॉडेलनं काढते आणि दोन्ही लिहिते, आणि दोन्हीच्या बाहेर निकाल गेला तरच सिनर्जी हा शब्द तोंडातून काढते. रिव्ह्यूअर कुरकुरतात की निष्कर्ष मिळमिळीत आहे. असू दे.

प्रयोग लावायचा तर आधी दोघांचे स्वतंत्र डोस-रिस्पॉन्स वक्र, म्हणजे किती मात्रेला किती परिणाम ते, नीट काढा, पाच-सहा मात्रांचे, मगच मिश्रण. एक कंट्रोल, एक गॅमा मात्रा, एक कॅडमियम मात्रा आणि एक दोन्ही, अशा चार भांड्यांच्या डिझाइनमधून वर सांगितलेलं काहीच ठरवता येत नाही, तरी थीसिसमध्ये हेच सगळ्यात जास्त दिसतं. प्रत्येकाची 50 टक्के परिणामाची मात्रा म्हणजे 1 युनिट धरा आणि 3 ला 1, 1 ला 1, 1 ला 3 अशा गुणोत्तरांत किरणासारख्या रेषा सोडा. मग मात्रा कमी असताना एक आणि जास्त असताना दुसरं असं काही होतंय का, किंवा कुणाचा वाटा जास्त आहे त्यावर निकाल फिरतोय का, ते दिसतं. बहुतेक वेळा फिरतोच.

मीडियमकडे लोक सगळ्यात कमी बघतात. लेम्नाच्या स्टँडर्ड मीडियममध्ये लोखंड विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए हे धातूला धरून ठेवणारं रसायन असतं. ते कॅडमियमलाही धरतं. म्हणजे तुम्ही टाकलं अमुक मायक्रोमोल, पण झाडाला दिसतं ते मोकळं कॅडमियम आयन, ते बरंच कमी. पाणी कठीण असेल तर कॅल्शियम त्याच दारातून आत जायला भांडतं, परिणाम आणखी कमी. म्हणून टाकलेली मात्रा लिहून भागत नाही, सुरुवातीला आणि शेवटी मोजलेली लिहा, काचेलाही थोडं चिकटतं, आणि पीएच मोजून स्पीसिएशनच्या, म्हणजे धातू कुठल्या रूपात किती आहे ते काढणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून मोकळं आयन किती ते काढा. युरेनियम तर याहून नाठाळ. फॉस्फेट असेल तर युरेनिल फॉस्फेट म्हणून खाली बसतं, झाडाला काही होत नाही आणि तुम्ही खूश होता की झाड सहनशील आहे. फॉस्फेट काढून टाकलं तर झाड उपाशी, मग परिणाम युरेनियमचा की उपासमारीचा ते कळत नाही. त्यासाठी फॉस्फेट कमी ठेवलेला कंट्रोल वेगळा लावावाच लागतो, टाळता येत नाही.

रेडिएशनच्या बाजूचे घोळ वेगळे. सीझियम-137 किंवा कोबाल्ट-60 चा सोर्स असतो, अंतर वाढवलं की डोस रेट अंतराच्या वर्गानं उतरतो, त्यामुळे जवळची आणि लांबची भांडी म्हणजेच तुमच्या मात्रा. पण त्याच हॉलमध्ये जवळच्या आणि लांबच्या भांड्यांवर उजेड आणि तापमान सारखं आहे का? लेम्नाला उजेड थोडा कमी पडला तरी वाढ पडते, आणि ती घट तुम्ही गॅमाच्या नावावर लिहिता. कंट्रोल दुसऱ्या खोलीत ठेवू नका, त्याच हॉलमध्ये शिशाच्या भिंतीआड ठेवा. डोस रेट आणि एकूण डोस दोन्ही लिहा (ग्रे म्हणजे दर किलोमागे शोषलेल्या रेडिएशनच्या ऊर्जेचं एकक), तासाला 100 मिलिग्रे म्हणजे 7 दिवसांत 16.8 ग्रे होतात, पण तेच 16.8 ग्रे काही मिनिटांत दिले तर तो प्रयोगच निराळा, झाडाला दुरुस्तीला वेळच मिळत नाही. आधी झटक्यात रेडिएशन आणि मग आठवडाभर कॅडमियम असा प्रयोग, आणि दोन्ही आठवडाभर सोबत असा प्रयोग, यांचे निकाल एका तक्त्यात शेजारी ठेवू नयेत. रिव्ह्यू पेपरात सर्रास ठेवलेले दिसतात.

डोळ्यांनी पण बघा, फक्त मोजू नका. कॅडमियम चढलं की फ्रॉन्ड कडेनं फिके पडायला लागतात, एकमेकांना चिकटून असलेली कॉलनी फुटते, एकेक फ्रॉन्ड सुटा तरंगतो, मुळं गळतात. गॅमात रंग बऱ्याचदा हिरवाच राहतो, नुसती वाढ मंदावते आणि नवीन फ्रॉन्ड लहान येतात. आणि हा लहान नवीन फ्रॉन्डसुद्धा मोजणीत एक म्हणूनच धरला जातो! म्हणून संख्येसोबत एकूण क्षेत्रफळ मोजाच, फोटो काढून सॉफ्टवेअरनं येतं, संख्येत न दिसलेला परिणाम तिथे दिसतो. आणखी एक, आईच्या पोटात मुलगी आणि तिच्याही पोटात नात आधीच तयार असते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस गॅमातली भांडी अगदी नॉर्मल दिसतात, आधी बनलेलेच फ्रॉन्ड फुगून बाहेर येत असतात. म्हणून 7 दिवसांनंतर स्वच्छ मीडियममध्ये हलवून आणखी एक आठवडा बघा. रेडिएशन त्या क्षणी थांबतं, कॅडमियम मात्र आतच राहतं, त्यामुळे कोण सावरतं आणि कोण नाही यातून बरंच कळतं. माझ्या मते मिश्रणाच्या कामात हा रिकव्हरीचा आठवडा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केला जाणारा भाग आहे.

आता खऱ्या पाण्याकडे. युरेनियम हे एकाच वेळी जड धातू पण आहे आणि किरणोत्सारी पण, त्यामुळे मिश्रण त्याच्या पोटातच आहे. पण कुणाचा वाटा किती? हिशोब करून बघा. नैसर्गिक युरेनियमच्या 1 मिलिग्रॅममध्ये सुमारे 25 बेकरेल, म्हणजे सेकंदाला 25 अणू फुटतात. समजा लेम्नाच्या 1 किलो ओल्या वजनात 1 ग्रॅम युरेनियम साठलं, हे भरपूर झालं, म्हणजे किलोला 25,000 बेकरेल. फुटताना बाहेर पडणारा प्रत्येक अल्फा कण साधारण 4.5 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सगळी ऊर्जा आतच सांडली असं धरलं तर तासाला 65 मायक्रोग्रे होतात. अल्फा जास्त नुकसान करतो त्याचं वजन म्हणून 10 नं गुणलं तरी 0.65 मिलिग्रे. आणि प्रयोगशाळेत लेम्नाची वाढ गॅमानं ठळक कमी व्हायला तासाला निदान दोन आकडी मिलिग्रे लागतात. म्हणजे रेडिएशननं काही करायच्या आत युरेनियमनं धातू म्हणूनच झाडाचं काम केलेलं असतं. एरिका टूलमध्ये, म्हणजे सजीवांना रेडिएशनचा धोका किती ते तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तासाला 10 मायक्रोग्रे ही स्क्रीनिंगची पातळी आहे, वरचा आकडा तिच्या पुढे जातो हे खरं, पण स्क्रीनिंग ओलांडलं म्हणजे नीट तपासा इतकंच, नुकसान झालंच असा त्याचा अर्थ नाही. आयसीआरपीनं, म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणाच्या शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, 2008 मध्ये 12 संदर्भ सजीव ठरवले, त्यात पाण्यातली वनस्पती एकच, तपकिरी समुद्री शेवाळ, गोड्या पाण्यातली वनस्पती एकही नाही. त्या शेवाळासाठी परिणाम होऊ शकतो म्हणून विचारात घ्यायचा पट्टा दिवसाला 1 ते 10 मिलिग्रे आहे. तुमच्या गॅमा मात्रा ठरवताना याच्याशी ताडून बघा, लॅबमधल्या बहुतेक मात्रा यापेक्षा शेकडो पटींनी वर असतात.

खाणीच्या पाण्यात तर रेडिएशन वगळूनही गर्दी असते. खडकातलं पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवेला उघडं पडलं की सल्फ्युरिक ॲसिड बनतं, पीएच पडतो, ॲल्युमिनियम, मँगनीज, निकेल, जस्त विरघळून येतात, सोबत युरेनियम आणि रेडियम-226. कधीकधी दोषी भलताच निघतो. ऑस्ट्रेलियातल्या रेंजर युरेनियम खाणीच्या खालच्या ओढ्यांत पाणी इतकं मऊ आहे की तिथे टाकाऊ खडकातून येणारं मॅग्नेशियम सल्फेट हा मोठा प्रश्न ठरला, आणि त्याचा विषारीपणा कॅल्शियम सोबत किती आहे त्यावर ठरत होता. तिथल्या चाचण्यांत लेम्नाचीच एक स्थानिक जात वापरली जाते. युरेनियमची खाण, आणि घोर मॅग्नेशियमचा!

चेर्नोबिलचं उदाहरण लोक रेडिएशनचं म्हणून देतात, पण 1986 मध्ये रिॲक्टरवर हेलिकॉप्टरमधून टाकलेल्या सुमारे 5000 टन सामानात जवळपास 2400 टन शिसं होतं. म्हणजे धातूही सोबत आहेच. तिथल्या तळ्यांमधल्या बोरूच्या मुळांत क्रोमोसोमचे दोष वाढलेले सापडलेत, पण त्यात स्ट्रॉन्शियम, सीझियम, धातू, गाळातला कमी ऑक्सिजन यांचा वाटा वेगळा काढणं नुसतं मोजमाप घेऊन होत नाही. म्हणून लॅबचं काम लागतं, आणि लॅबच्या कामाला खऱ्या पाण्याची केमिस्ट्री लागते. युरेनियमच्या बाबतीत एक सुंदर सोय आहे, वेगवेगळे आयसोटोप, म्हणजे त्याच धातूचे वेगळ्या वजनाचे अणू, घ्या, केमिस्ट्री तीच आणि किरणोत्सार कमी-जास्त, मग धातूचा वाटा आणि रेडिएशनचा वाटा सरळ वेगळे करता येतात. परवानग्यांचा ताप आहे, पण प्रश्न खरंच तोच असेल तर गॅमा सोर्सच्या मागे लागण्यापेक्षा हे बरं.

शेवटचा भाग, पाणी स्वच्छ होतं का. पाण्यातून धातू उचलतात, यात शंका नाही. लेम्ना, अझोला, जलपर्णी सगळ्याच उचलतात, आणि 1990 च्या दशकात चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून बघितली होती, सीझियम मुळांत अडकलं आणि स्ट्रॉन्शियम वर खोडापानांत गेलं. सीझियम पोटॅशियमच्या वेषात आत शिरतं आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या, म्हणून पाण्यात पोटॅशियमचं खत जास्त असेल तर सीझियमचं शोषण पडतं. पण झाड धातू नष्ट करत नाही आणि किरणोत्सार तर नाहीच नाही, सीझियम-137 ला निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, ते पाण्यात असो की झाडात. काढणी केली नाही तर झाड मरून तळाला जातं, कुजतं आणि उचललेलं सगळं परत देतं, वर ऑक्सिजन खातं ते वेगळंच. आणि मिश्रणाच्या ताणात लेम्ना मंद वाढत असेल तर उचलही तशीच मंद, प्रत्येक ग्रॅममागे जास्त साठतं पण एकूण ग्रॅमच कमी.

काढणी केली तर पुढचा प्रश्न. लेम्नात पाणीच 92 ते 95 टक्के असतं. वरच्या उदाहरणातलं 25,000 बेकरेलचं ओलं किलो वाळवलं तर 60 ग्रॅमच्या आसपास उरतं, म्हणजे सुक्या किलोला 4 लाख बेकरेलच्या वर, आणि जाळलं तर राखेत आणखी दाट. ते कुठे ठेवायचं, कुणाच्या परवानगीनं, कुठल्या वर्गातला कचरा म्हणून, हे ठरल्याशिवाय तळ्यात एकही फ्रॉन्ड सोडू नका, आणि प्रकल्पाच्या खर्चात हा भाग सगळ्यात आधी लिहा, कारण बाकी सगळं त्यामानानं स्वस्त आहे.